'दसरा काढताना' घरातलं कोणतं सामान आधी हलवायचं? सास्तूरच्या भूकंपातून समजून घ्या

मराठवाड्यात घटस्थापनेच्या आधी घराघरांत 'दसरा काढतात'. गोधड्या धुतल्या जातात, डबे घासले जातात, माळ्यावरचं सामान खाली येतं. याच दिवसांच्या आसपास ३० सप्टेंबर ही तारीखही येते.

१९९३ साली त्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास झालेल्या भूकंपात लातूर आणि धाराशिव (तेव्हाचा उस्मानाबाद) जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. लोहारा तालुक्यातलं सास्तूर हे सर्वाधिक फटका बसलेल्या गावांपैकी एक. आदल्या दिवशी गणेश विसर्जन झालं होतं आणि लोक झोपेत होते.

पण भूकंपाचा आणि घर आवरण्याचा संबंध काय?

वजन डोक्यावर होतं

तेव्हाची बहुतेक घरं दगड-मातीची, वर माळवद. गळती थांबवण्यासाठी माळवदावर मातीचे थर चढत गेले आणि छत जड होत गेलं. भिंती ढासळल्या, तसं हे सगळं वजन माणसांवर आलं.

आज घरं बदलली आहेत. पण जड वस्तू वर ठेवण्याची सवय अनेक घरांत तशीच आहे.

घर लहान, सामान तेवढंच

पुनर्वसनात घराचं क्षेत्रफळ जमिनीवरून ठरलं: २५०, ४५० किंवा ७५० चौरस फूट. घरात माणसं किती, सामान किती, हा निकष नव्हता. धान्य, अवजारं, अंथरुणं २५० चौरस फुटांत मावणं अवघडच. जमिनीवर जागा संपली की सामान भिंतीवर आणि माळ्यावर चढतं.

मग सुरुवात कुठून करायची?

१. झोपायच्या जागेपासून. उशाशी कपाट, डोक्यावर फळी किंवा जड फोटो नको. जागा बदलता येत नसेल तर कपाट भिंतीला पक्कं करा.

२. दाराची वाट. उंबऱ्याजवळ पोती, सायकल, चपलांचा ढीग नको. अंधारातही चालत बाहेर पडता आलं पाहिजे.

३. जड ते खाली, हलकं ते वर. पितळी भांडी, पाटा-वरवंटा, धान्याचे डबे खालच्या फळीवर ठेवा. माळ्यावर फक्त गोधड्या आणि रिकामे डबे.

४. कागदपत्रं एका पिशवीत. सातबारा, आधार, रेशन कार्ड, पासबुक. सोबत बॅटरी. पिशवी कुठे आहे, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं.

५. मोडकं सामान. दुरुस्त करायचं असेल तर या आठवड्यात करा. नाहीतर भंगारवाल्याला द्या.

हे ध्यानात ठेवा

सामान नीट लावल्यानं कच्ची भिंत पक्की होत नाही. भिंतीला मोठे तडे असतील तर घर जाणकाराला दाखवाच. पण पडणारी वस्तू खाली ठेवणं आणि वाट मोकळी करणं याला पैसे लागत नाहीत. दसरा काढायला सामान हलवणारच आहात, तर परत मांडताना एवढं बघा.