घोटी म्हणजे मासा

मध्य रेल्वेने नाशिककडे निघालात, की इगतपुरीच्या पुढे घोटी लागते. इंग्रजीत लिहायची तर जी, एच, ओ, टी, आय. इंग्रजांच्या एका जुन्या विनोदाप्रमाणे या पाच अक्षरांचा उच्चार होतो 'फिश'! कसा म्हणाल, तर 'इनफ'मधला जीएच म्हणजे फ, 'विमेन'मधला ओ म्हणजे इ आणि 'नेशन'मधला टीआय म्हणजे श. झाला मासा! हा विनोद सर्रास बर्नार्ड शॉच्या नावावर खपवला जातो. तो सापडतो १८५५ सालच्या एका पत्रात आणि शॉ जन्मला १८५६ साली. पण शॉच्या भक्तांना विचाराल तर ते म्हणतील, त्यात काय, पोटात असतानाच केला असेल.

आमच्या पिढीने या जीएचपायी फार मार खाल्ला. 'नाईट'मधला जीएच विसरला, की मास्तर ओरडत, "अरे गाढवा, तो सायलेंट आहे!" अक्षर सायलेंट, हातावर पडणारी पट्टी मात्र चांगली तीन वर्गांत ऐकू जाई. माझ्या बाकावरचा एक मुलगा गणितात वर्गात पहिला. इंग्रजी मात्र तो कानाला ऐकू येईल तसं लिही, म्हणजे खरं तर आपण मराठी लिहितो तसं. मॅट्रिकला इंग्रजीने त्याला तिसऱ्यांदा बुडवलं, तेव्हा वडिलांनी त्याला लाकडाच्या वखारीत बसवलं. घनफुटांचा हिशेब तो तोंडी करी, गिऱ्हाईक कागद-पेन्सिल काढेपर्यंत.

आता गंमत पाहा. ज्या जीएचने त्याला वखारीत पोचवलं, तो मुळात मुका नव्हताच. हजार वर्षांपूर्वीचा इंग्रज रात्रीला 'निख्त' म्हणे, घसा खाकरल्यासारखा. लिहीतही साधंच, नुसता एच घालून. पुढे १०६६ साली नॉर्मन आले, त्यांच्यामागून फ्रेंच वळणाचे कारकून आले, आणि या खाकरण्याला जीएच असं जोडनाव पडलं. तेव्हा तो उच्चारला जात होता, हे महत्त्वाचं. 'नाईट' म्हणजे सरदार, हा शब्दही तेव्हा 'क्निख्त' होता, आणि अर्थ होता पोरगा, हरकाम्या. हरकाम्या चढत चढत 'सर' झाला आणि वर जाता जाता 'क' आणि 'ख' दोन्ही गमावून बसला.

पुढे लंडनकरांनी खाकरणं सोडलं. काही शब्दांत ते विरून गेलं, काहींत त्याचा 'फ' झाला: रफ, टफ, कफ. 'लाफ'चंही तेच. हसण्यातला खो-खो गेला आणि फस्सकन हवा सुटल्यासारखा फ आला. स्कॉटलंडात मात्र जुन्या बोलीत रात्र अजून 'निख्त' आहे आणि उजेड 'लिख्त'.

या मुक्या जोडीच्या जागी पूर्वी काय होतं, ते पाहायला लंडनला जायचीही गरज नाही. आपलंच घर उघडावं. 'नाईट' आणि आपलं नक्त (दिवसभर उपास करून रात्री जेवायचं ते) एकाच कुळातले. 'एट' आणि अष्ट, 'डॉटर' आणि दुहिता, ही सगळी भावंडं. सर्वांत नामी जोडी म्हणजे 'लाईट', हलका या अर्थाचा, आणि आपला लघु. इंग्रजाने ज्याला जीएचमध्ये पुरून टाकलं, तो आमच्याकडे 'घ' म्हणून ठणठणीत आहे. वखारीतल्या माझ्या मित्राला हे त्या वेळी कोणी सांगितलं असतं, तर मार्क वाढले नसते. पण पट्टी खाताना नात्यातल्या माणसाकडून खाल्ल्याचं समाधान तरी लाभलं असतं.

बरं, सगळेच जीएच असे खानदानी नाहीत. 'घोस्ट'मधला एच निव्वळ छापखान्यातला. कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला इंग्लंडातला पहिला छापखाना काढला, त्याआधी कित्येक वर्षं तो फ्लँडर्सकडे राहिलेला. तिकडे भुतात एच घालत, म्हणून इकडेही पडला. बोकड आणि बदक-कुळातला हंस यांच्यातही त्याने तो घालून पाहिला, तिथे टिकला नाही. भूत मात्र एकदा धरलं की सोडत नाही. 'डिलाईट'ची तर कमालच. फ्रेंचांकडून आला तेव्हा त्यात जीएचचा मागमूस नव्हता. 'लाईट'सारखा दिसावा म्हणून सोळाव्या शतकात घातला गेला. समाधी आहे, आत कुणी नाही.

हे सगळं निस्तरायचा प्रयत्न झाला नाही असं नाही. १९०६ साली थिओडोर रूझवेल्टने सरकारी छापखान्याला तीनशे सोप्या स्पेलिंगांचा हुकूम दिला. 'दो' आणि 'थ्रू' यांतले जीएच त्यात उडाले होते. अमेरिकन काँग्रेसने असा गिल्ला केला, की राष्ट्राध्यक्षाला हुकूम गुंडाळावा लागला. 'शिकागो ट्रिब्यून'ने १९३४ साली पुन्हा कंबर कसली आणि १९७५ साली तीही सोडली.

आम्ही मात्र हे करून दाखवलं. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली सरकारने मान्य केले, आणि 'नांव', 'कांहीं', 'घरें' यांवरची न उच्चारली जाणारी टिंबं एका फटक्यात गेली. तीही कधीकाळी नाकातून बोलत होती. कोकणीत 'बरें' म्हणताना अजून बोलतात. मुलांचे मार्क वाचले, कंपोझिटरचे खिळे वाचले. मी स्वतः या निर्णयाच्या बाजूचा. एखादा मुलगा तरी टिंबापायी वखारीत बसायचा राहिला असेल.

माझे वडील मात्र बधले नाहीत. "सरकारची टिंबं सरकारनं काढली, माझी का म्हणून?" एवढंच म्हणाले. बाकी सगळ्या सरकारी नियमांना ते घाबरत. रेशनकार्डाला कव्हर घालणारा माणूस! त्यांचं शेवटचं पोस्टकार्ड माझ्यापाशी आहे. हात कापू लागला होता, ओळी उताराला लागल्या आहेत. 'तुझें पत्र पोंचलें.' तीनही टिंबं जागच्या जागी.