सुकाणू कोणाच्या हाती?

‘सायबरयुद्ध’ म्हटलं की डोळ्यांपुढे संगणक येतो. मी मात्र या शब्दाचं मूळ शोधत निघालो आणि पोहोचलो थेट जहाजावर! प्राचीन ग्रीक भाषेत ‘किबेरनेटेस’ म्हणजे सुकाणू धरणारा.

हा शब्द विज्ञानात रुजवला अमेरिकन गणिती नॉर्बर्ट वीनर यांनी. दुसऱ्या महायुद्धात ते विमानवेधी तोफांच्या नेमाचं गणित मांडत होते. विमान पुढे कुठे असेल याचा अंदाज घ्यायचा, चूक मोजायची, नेम सुधारायचा. सुकाणू धरणारा तरी दुसरं काय करतो? नियंत्रणाच्या या शास्त्राला त्यांनी १९४८ साली ‘सायबरनेटिक्स’ असं नाव दिलं.

पण हिरोशिमानंतर त्यांचं मन युद्धाला विटलं होतं. क्षेपणास्त्रांच्या कामासाठी त्यांचं जुनं संशोधन मागितलं गेलं, तेव्हा त्यांनी साफ नकार दिला. ते पत्र जानेवारी १९४७ मध्ये छापूनही आलं.

आणि शब्दाचं नशीब पाहा! १९९३ साली जॉन अर्किला आणि डेव्हिड रॉनफेल्ट या अमेरिकन अभ्यासकांनी ‘सायबरयुद्ध येत आहे’ असा इशारा दिला. २००७ साली एस्टोनियात बँका, वृत्तपत्रं, सरकारी खाती यांची संकेतस्थळं कोलमडली. बोट रशियाकडे दाखवलं गेलं. रशियन सरकारनं हात झटकले.

मला बोचतं ते हेच. शब्दाचा अर्थ ‘सुकाणू धरणारा’ आणि या युद्धात नेमका तोच हात दिसत नाही. युद्धाला नकार देणाऱ्या वीनर यांची भीती याहून वेगळी ती काय होती?