रामनसाहेबांच्या शेजारची तसबीर

आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात भाषेची सीमा नकाशात दाखवलेली असते तिथे कधीच सापडत नाही. पैनगंगेच्या या अंगाला, बेला-जैनथच्या बाजूला, घरात मराठी, बाजारात तेलुगू, आजोबांच्या ट्रंकेतल्या कागदांवर उर्दू आणि गुड्यांवर गोंडी. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली, राजुरा तिकडे गेला, आम्ही इकडे राहिलो. तेव्हापासून आमच्या मराठी शाळेतल्या प्रत्येक मुलाला दहावीनंतर एक नदी ओलांडावी लागते. पाण्याची नव्हे, भाषेची.

शाळेच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांच्या तसबिरी आहेत. सर चंद्रशेखर व्यंकट रामन आहेत, जगदीशचंद्र बसू आहेत, आणि भीमवरमला जन्मून अमेरिकेत नाव काढलेले जीवरसायनशास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव आहेत. काही वर्षांपूर्वी त्या रांगेत मी एक तसबीर वाढवली. विज्ञानाच्या सरांनी विचारले, "या कोण?" म्हटले, "दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण." दुर्गाबाई त्यांना ठाऊक होत्या. कमलाबाई नव्हत्या. मी इतिहासाचा एम.ए., रसायनाशी माझा संबंध दहावीनंतर सुटलेला. त्यामुळे कमलाबाई मला भेटल्या त्या इतिहासाच्या वाटेने.

कमला भागवत यांचा जन्म १९११चा. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनाचे पदवीधर, बंगळूरच्या टाटा विज्ञान संस्थेत शिकलेले. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पहिल्या क्रमांकाने पार केल्यावर मुलीने त्याच संस्थेत अर्ज केला. घरचीच वाट, म्हणून कुणाला शंकाही आली नाही. पण संस्थेचे संचालक तेव्हा रामन होते, आणि मुलगी म्हणून त्यांनी अर्ज नाकारला. गुण कमी पडले असते तर गोष्ट वेगळी होती. ते कमी पडलेच नव्हते.

काळ गांधीजींचा होता. ही बावीस वर्षांची मुलगी बंगळूरला गेली आणि संचालकांना म्हणाली की कारण कळल्याशिवाय मी इथून हलणार नाही. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींसह. पहिले वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरले जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम करावे लागेल. आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये. या तिसऱ्या अटीपाशी मी दर वेळी थांबतो. कमलाबाईही आयुष्यभर तिच्यापाशी थांबल्या असाव्यात, कारण रामन थोर शास्त्रज्ञ असले तरी स्त्रियांच्या बाबतीत संकुचित होते, हे त्यांनी उतारवयातही स्पष्टपणे बोलून दाखवले. वर्षभरात श्रीनिवासय्या यांच्या हाताखाली त्यांनी दूध आणि कडधान्यांतील प्रथिनांवर असे काम केले की रामननी त्यांना नियमित केले आणि पुढे संस्थेचे दार मुलींना उघडले. रामन यांची तसबीर मी काढलेली नाही. दोघेही एकाच भिंतीवर आहेत.

१९३६ साली त्या एम.एस्सी. झाल्या, १९३७ साली केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात पोचल्या. तिथल्या जीवरसायन विभागाचे प्रमुख सर फ्रेडरिक हॉपकिन्स, जीवनसत्त्वांच्या कामासाठी १९२९चे नोबेल मिळालेले. रॉबिन हिल यांच्याबरोबर वनस्पतींवर काम करताना कमलाबाईंना बटाट्यात 'सायटोक्रोम सी' हे द्रव्य आढळले. पेशी प्राणवायू वापरून अन्नातून शक्ती काढते, त्या साखळीतला हा एक दुवा. प्राण्यांत तो माहीत होता. वनस्पतींच्या पेशीही श्वसनाची तीच युक्ती वापरतात, हे त्यातून पुढे आले. प्रबंध अवघा चाळीसेक पानांचा, आणि दीड वर्षाच्या आत १९३९ साली पीएच.डी. (आमच्याकडे शालेय प्रकल्पाच्या वह्यासुद्धा याहून जाड असतात.)

पुष्कळ ठिकाणी त्यांना विज्ञानात डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणतात. इतिहासाच्या शिक्षकाला 'पहिली' हा शब्द सांभाळून वापरावा लागतो. जानकी अम्मल यांना अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाने १९३१ सालीच डी.एस्सी. दिली होती. तेव्हा केंब्रिजची विज्ञानातील पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री, एवढे म्हटले तरी पुरे आहे. आणि आणखी एक गोष्ट, जी वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते: ज्या केंब्रिजचे नाव आपण एवढ्या आदराने घेतो, त्या विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण सदस्यत्व दिले ते १९४८ साली. तोवर आपण स्वतंत्रही झालो होतो.

परत आल्यावर दिल्लीचे लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेज, मग कुन्नूरची पोषण संशोधन प्रयोगशाळा. ही कुन्नूरची प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादेत आली. तारनाक्याजवळची राष्ट्रीय पोषण संस्था ती हीच. आमच्या मुलांची सहल त्या रस्त्याने अनेकदा गेली असेल. १९४७ साली विमागणितज्ञ माधव सोहोनी यांच्याशी लग्न झाल्यावर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत नव्या जीवरसायन विभागात प्राध्यापक झाल्या.

इथून पुढचे त्यांचे काम मला सर्वांत जवळचे वाटते, कारण ते आपल्या चुलीपाशी येते. वाल, ज्याला आमचे तेलुगू शेजारी चिक्कुडु म्हणतात, त्यात प्रथिने भरपूर. पण त्याच दाण्यात प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिन या पाचकद्रव्याला अडवणारा पदार्थही असतो. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी तो वालातून स्फटिकरूपात वेगळा काढला. शिजवण्याच्या उष्णतेने त्याचा जोर पुष्कळ उतरतो. वाल भिजवून, मोड आणून, नीट शिजवून मगच पानात वाढणाऱ्या आजीला हे सारे ठाऊक नव्हते. तिची कृती मात्र चुकलेली नव्हती.

दुसरे काम नीरेचे. राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरा तपासायला घेतली. आपल्याकडे ताड आणि शिंदीची झाडे किती आहेत ते सांगायला नको. पण झाडाचा रस म्हटले की लोकांना कल्लूच आठवतो. मडक्याला आतून चुना लावून, उजाडण्याआधी उतरवलेला रस म्हणजे नीरा. ऊन चढले की तीच आंबून ताडी होते. नीरेत व तिच्या गुळात जीवनसत्त्वे आणि लोह असते, आणि कुपोषित आदिवासी मुलांना व गरोदर स्त्रियांना तिचा उपयोग होतो, असे त्यांना दिसले. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध योजनेलाही त्या सल्ला देत. तरीही संस्थेचे संचालकपद त्यांच्यापर्यंत यायला चार वर्षे उशीर झाला, अशी नोंद आहे. १९६९ साली निवृत्त झाल्यावर त्या ग्राहक चळवळीत शिरल्या, 'कीमत' मासिकात लिहू लागल्या. २८ जून १९९८ रोजी त्या गेल्या. त्याच सुमारास दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने केलेल्या सत्कार समारंभात त्या कोसळल्या होत्या.

आता तसबीर लावण्याचे खरे कारण. मी नवा शिक्षक असताना बेल्याकडच्या एका गावची मुलगी दहावीला शाळेत पहिली आली. तिला बायपीसी घ्यायचे होते. वडील कापसाचे शेतकरी. विचारायला माझ्याकडे आले. कॉलेज आदिलाबादेत, बसचा भरवसा नाही, शिकवणे तेलुगू नाहीतर इंग्रजीत. मी म्हणालो, "दादा, आर्ट्स घेऊ द्या, सोपं जाईल." रामन यांच्यासारखा मी कठोर बोललो नाही. उलट वडील माझे आभार मानून गेले. अट घातली असती तर तिने ती पुरी केली असती. मी अटसुद्धा घातली नाही.

ती आता अंगणवाडीत आहे. गेल्या पौषात बाजारात भेटली. मी तिला कमलाबाईंची हकिगत सांगितली, सत्याग्रह, केंब्रिज, सगळी. ती शांतपणे ऐकत होती. मग पिशवी खाली ठेवून म्हणाली, "सर, ते नीरेचं परत सांगा. आमच्या गुड्यावर ताड लई आहेत, आणि दोन पोरींचं वजन वाढत नाही."