इकाइनो : नांव हरवलेली वस्ती

शहराच्या सुधारणेसाठीं वस्ती पाडल्याचें आम्ही पुष्कळ ऐकलें आहे. वस्ती तशीच ठेवून तिचें नांव तेवढें पाडल्याचें उदाहरण विरळा. जपानांतील ओसाका शहराच्या पूर्व भागीं इकाइनो म्हणून कोरियन लोकांची मोठी वस्ती होती. इ. स. १९७३ मध्यें पत्त्यांची फेररचना झाली, तींत हें नांव रद्द झालें व तिचे तुकडे मोमोदानी वगैरे शेजारच्या पेठांस वांटून दिले गेले. घरें तींच, गल्ल्या त्याच. नांव मात्र नकाशांतून गेलें. त्या नांवामुळें जागांस भाव येत नाहीं, अशी कित्येक रहिवाशांची कुरकुर होती म्हणतात.

मौज ही कीं, तें नांव कोरियनांनीं आणलेलें नव्हे. 'डुकरें पाळणारांचें माळ' असा त्याचा अर्थ सांगतात. त्याचें जुनें रूप इ. स. ७२० मधील 'निहोन शोकी' या जपानी बखरींत आहे. त्या प्राचीन काळींही कोरियांतील पेक्चे राज्याचे लोक याच परिसरांत येऊन राहिले होते. तेव्हां येथें यजमान कोण आणि पाहुणा कोण, याचा निवाडा आम्ही तरी करूं धजणार नाहीं.

अर्वाचीन वसाहत ही साम्राज्याची करणी. १९१० मध्यें जपाननें कोरिया गिळिला. पुढें १९२० नंतरच्या दशकांत चेजू बेटाहून ओसाकास थेट आगबोट जाऊं लागली. त्या मार्गावरील प्रसिद्ध बोटीचें नांव 'किमिगायो-मारू', म्हणजे जपानच्या राष्ट्रगीताचेंच नांव! तिच्यांतून बेटावरचे गरीब शेतकरी व कोळी उतरले आणि रबराच्या व इतर लहानसहान कारखान्यांत राबूं लागले. त्यांस भाड्यानें घर देण्यास जपानी मालक नाखूष असत. म्हणून एकमेकांच्या आधारानें, दाटीवाटीनें ते इकाइनोंत राहिले.

१९४५ मध्यें साम्राज्य कोसळलें व अनेकजण मायदेशीं परतले. परंतु १९४८ मध्यें चेजूवर बंड होऊन भयंकर कत्तल झाली, तेव्हां जीव घेऊन पळालेले पुन्हां याच गल्ल्यांत शिरले. कवि किम शि-जोंग हे त्यांपैकींच. ते १९४९ मध्यें आले. आणि १९५२ च्या एप्रिलांत शांततेचा तह अमलांत येतांच जपानांतील सर्व कोरियनांचें जपानी नागरिकत्व एका फटक्यासरशीं काढून घेण्यांत आलें. राबविण्यापुरते प्रजाजन, हक्कांची वेळ येतांच परके! त्यांचें मत कोणी विचारलें नाहीं.

आज तेथील बाजार 'कोरियाटाऊन' म्हणून मिरवतो. किमची व सौंदर्यप्रसाधनें घेण्यास जपानी तरुणतरुणींची झुंबड उडते. जुनें नांव मात्र किम यांनीं राखलें. त्यांचा 'इकाइनो काव्यसंग्रह' १९७८ मध्यें प्रसिद्ध झाला, तेव्हां नकाशांतून तें नांव जाऊन पांच वर्षें लोटलीं होतीं.