शर्यत पाहायची, पण कोठून?

मोटारींची शर्यत पाहण्यासाठी परदेशी जायचे म्हटले की व्हिसा, प्रवास आणि राहण्याची सोय हे प्रश्न आधी पुढे येतात. मोनॅकोच्या ग्रां प्री शर्यतीचा बेत आखताना आम्हांलाही तेच पडले. त्यांची उत्तरे फारशी अवघड नाहीत. मोनॅको हा जेमतेम दोन चौरस किलोमीटरांचा देश. शेजारच्या फ्रान्समधील नीस येथे विमानाने उतरायचे, तेथेच मुक्काम करायचा आणि आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत मोनॅको गाठायचे. फ्रान्सच्या वकिलातीमार्फत मिळणारा शेंगेन व्हिसा पुरतो. ही शर्यत बरीच वर्षे मे महिन्याच्या अखेरीस होत असे. २०२६ पासून ती जूनच्या आरंभी ठेवण्यात आली आहे.

आम्ही अडलो ते दुसऱ्याच प्रश्नावर. तिकीट कोठल्या जागेचे काढायचे? त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही इतिहासात शिरलो. प्रेक्षकाने कोठे बसावे आणि कोठे बसू नये, हे ठरवण्यासाठी मोटारशर्यतीला फार मोठी किंमत मोजावी लागली आहे.

आरंभी प्रेक्षकांसाठी वेगळी जागा अशी नव्हतीच. २२ जुलै १८९४ रोजी एका फ्रेंच वृत्तपत्राने पॅरिस ते रूआँ अशी स्वयंचलित वाहनांची स्पर्धा भरवली. वेग बेताचे होते आणि लोक रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहत. पुढच्या नऊ वर्षांत इंजिने झपाट्याने मोठी झाली. माणसांची उभे राहण्याची सवय मात्र तीच राहिली. २४ मे १९०३ रोजी पॅरिसजवळच्या व्हर्सायहून माद्रिदकडे दोनशेहून अधिक वाहने निघाली. रस्त्याच्या दुतर्फा प्रचंड गर्दी होती आणि गाड्यांमागे धुळीचे लोट होते. मागच्या चालकाला पुढचे वळण दिसेना, प्रेक्षकाला येणारी गाडी दिसेना. बॉर्दोपर्यंतचे सुमारे साडेपाचशे किलोमीटर अंतर सर्वांत वेगवान गाडीने ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक सरासरी वेगाने कापले. पण वाटेत चालक, मेकॅनिक आणि प्रेक्षक मृत्युमुखी पडले. मोटार-कारखानदार मार्सेल रेनॉ याच शर्यतीत प्राणघातक जखमी झाले. फ्रेंच सरकारने शर्यत बॉर्दोलाच थांबवली.

या घटनेचा परिणाम दूरवर झाला. एका शहरातून दुसऱ्या शहराकडे खुल्या रस्त्यांवरून धावण्याऐवजी, इतर वाहतूक बंद करून आखलेल्या वर्तुळमार्गावर पुनःपुन्हा फेऱ्या मारण्याची पद्धत रुळली. मार्ग आखूड झाला की त्यावर लक्ष ठेवता येते, हा त्यामागचा विचार.

मोनॅकोची शर्यत या विचाराचे टोकाचे उदाहरण म्हणावे लागेल. तेथील मोटार क्लब १९११ पासून माँटे कार्लो रॅली भरवत असे. पण ती धावे मुख्यतः इतर देशांच्या रस्त्यांवर. आपल्या भूमीवर शर्यत नसल्याने आंतरराष्ट्रीय संघटना क्लबला पूर्ण मान्यता देईना. तेव्हा आंतोनी नोगेस यांनी शहराच्या रस्त्यांवरच, बंदराला वळसा घालणारा सुमारे ३.२ किलोमीटरांचा मार्ग आखला. १४ एप्रिल १९२९ रोजी विल्यम ग्रोव्हर-विल्यम्स यांनी बुगाटी गाडीतून शंभर फेऱ्या पूर्ण करून पहिली शर्यत जिंकली. त्यांचा सरासरी वेग होता ताशी सुमारे ८० किलोमीटर.

गर्दी कशी उभी आहे याचा चालकालाही उपयोग होतो, हे १९५० च्या शर्यतीत दिसले. बंदराचे पाणी उसळून रस्ता ओला झाला आणि पहिल्याच फेरीत नऊ-दहा गाड्या एकमेकींवर आदळल्या. फांजिओ सर्वांत पुढे असल्याने त्यांना हे ठाऊक नव्हते. दुसऱ्या फेरीत ते परत आले तेव्हा प्रेक्षकांचे चेहरे त्यांच्याकडे नव्हते, सगळे पलीकडे पाहत होते. तेवढ्यावरून काही बिघडल्याचे ओळखून त्यांनी वेग कमी केला, असे सांगितले जाते. ती शर्यत त्यांनीच जिंकली.

पाच वर्षांनी, २२ मे १९५५ रोजी, आल्बेर्तो आस्कारी यांची गाडी याच मार्गावरून थेट समुद्रात गेली. ते पोहून बाहेर आले. त्या बाजूला पाणी होते, माणसे नव्हती. त्यानंतर तीनच आठवड्यांच्या आत, ११ जून रोजी, फ्रान्समधील ल मां येथे पिएर लव्हेग यांची गाडी प्रेक्षकांपुढच्या मातीच्या बांधावर आदळली. तिचे जळते भाग गर्दीत घुसले आणि ८० हून अधिक माणसे दगावली. बांध होता, पण तो जुन्या वेगांच्या हिशेबाचा होता.

हिशेब कसा बदलतो ते पाहण्यासारखे आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २०२५ मध्ये मोनॅकोत सर्वांत जलद पात्रता फेरी ६९.९५४ सेकंदांत पूर्ण झाली. मार्गाची लांबी आता ३.३३७ किलोमीटर आहे, म्हणजे सरासरी वेग ताशी सुमारे १७२ किलोमीटर. १९२९ च्या सरासरीच्या हा दुपटीहून अधिक. वस्तुमान तेवढेच धरले तर ऊर्जा चौपटीहून अधिक. ८०० किलोग्रॅमची गाडी सेकंदाला ५० मीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा १० लाख ज्यूल भरते. ती दहा सेंटिमीटरांत थांबली तर सरासरी बल एक कोटी न्यूटन; एक मीटरात थांबली तर दहा लाख. म्हणून कठडा नुसता भक्कम असून भागत नाही, तो वाकावाही लागतो.

वाकणारा कठडा म्हणून पूर्वी पेंढ्याच्या गासड्या रचत. १९६७ मध्ये लोरेन्झो बांदिनी यांची गाडी मोनॅकोच्या बंदराजवळ उलटली, आग लागली, गासड्यांनीही पेट घेतला. तीन दिवसांनी बांदिनी वारले. पुढच्या वर्षी फेऱ्या १०० वरून ८० करण्यात आल्या आणि नंतरच्या काळात गासड्यांची जागा पोलादी कठड्यांनी घेतली. आज प्रेक्षकांपुढे त्यांवर उंच जाळीही असते. हे सर्व शर्यतीपुरते उभारून नंतर काढून टाकतात, कारण एरवी हा शहराचा नेहमीचा रस्ता आहे.

आता पुन्हा तिकिटाकडे वळू. भुयारातून गाडी ताशी सुमारे २८० किलोमीटर वेगाने जाते. तेवढ्या वेगाची गाडी डोळ्यांसमोरचे १०० मीटर सव्वा सेकंदात पार करते. ताशी ५० किलोमीटरांच्या अरुंद वळणावर तेवढ्याच अंतराला सात सेकंद लागतात. त्यामुळे मंद वळणाजवळ गाडी अधिक वेळ दिसते आणि तिच्यातली ऊर्जाही कमी असते. राजवाडा ज्या खडकावर आहे त्याचा उतार ‘रास्कास’ या मंद वळणाच्या वरच्या बाजूला आहे. तेथे खुर्च्या नाहीत, पण तिकीट स्वस्त आहे. आम्ही तेथील जागा पसंत केली.

शिक्षकांना हा विषय वर्गात घेण्यासाठी मोनॅकोला जाण्याची गरज नाही. शाळेच्या क्रीडामहोत्सवात गोळाफेक आणि भालाफेक होते, मैदानावर फक्कीची रेघ ओढली जाते आणि मुले तिच्यामागे उभी राहतात. ती रेघ कोणी, कशावरून आणि किती वर्षांपूर्वी ठरवली? आज फेकणारा मुलगा तेव्हाच्या मुलापेक्षा लांब फेकतो का? विद्यार्थ्यांना फीत देऊन ही अंतरे मोजायला लावावीत आणि गरज दिसल्यास रेघ मागे घ्यावी. अपघात होण्यापूर्वी हे काम केले, तर त्याला एका तासिकेहून अधिक वेळ लागणार नाही.