तीस वॅटचं केंद्र

मैसूरच्या यादवगिरीत आकाशवाणीच्या केंद्रापासून हाकेच्या अंतरावर ‘विठ्ठल विहार’ आहे. दूरसंचार क्षेत्रात काम करणारा माझ्यासारखा मराठी माणूस या शहरात आला, तर राजवाड्याआधी त्यानं हे घर पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी इथे राहत. सप्टेंबर 1935मध्ये त्यांनी राहत्या घरातूनच प्रक्षेपण सुरू केलं. प्रक्षेपक अवघ्या 30 वॅटचा. आज मोबाइल टॉवरवरचा एकेक ट्रान्समीटर साधारण तेवढ्याच शक्तीचा असतो, पण तो गल्लीपुरता. शेजारी दुसरा टॉवर उभा असतोच. गोपालस्वामींच्या प्रक्षेपकाच्या मदतीला दुसरा प्रक्षेपक नव्हता. एवढ्या कमी शक्तीत सारी मदार अँटेनाची उंची, जमिनीत पुरलेलं अर्थिंग आणि श्रोत्याच्या घरावर ताणलेली तार यांवर असते.

मुंबईत 1927 साली दीड किलोवॅटचं केंद्र उघडलं, म्हणजे पन्नास पट मोठं. ते चालवणारी कंपनी 1930मध्ये बुडाली. मैसूरचा प्राध्यापक मात्र पदरमोड करत, लोकांकडून मदत घेत वर्षानुवर्षं टिकला. पुढे संस्थानानं केंद्र ताब्यात घेतलं, आणि 1955मध्ये ते बंगळूरला गेलं. ‘आकाशवाणी’ हे त्या केंद्राचं नाव ऑल इंडिया रेडिओनंही स्वीकारलं.

आमच्या अभ्यासक्रमात मार्कोनी होता, जगदीशचंद्र बोस होते. गोपालस्वामी नव्हते, ते असायला हवे होते.