शकुंतलेतून सहारला

२९ मे १९८८, रविवार. रोहिणी लागून चार दिवस झालेत, पण यवतमाळच्या आभाळात ढगाचा ठिपका नाही. साडेनऊला रामायण लागते आणि गल्ल्या ओस पडतात. ज्याच्या घरी टीव्ही, त्याच्या दाराशी चपलांचा ढीग. तुम्ही मात्र पिशवी खांद्याला अडकवून स्टेशनची वाट धरता.

छोट्या रुळाची गाडी शकुंतला उभी आहे. तिच्या इंजिनाजवळ जरा थांबा. मँचेस्टरला १९२१ साली घडलेले हे वाफेचे इंजिन १९२३ पासून सेवेत आहे. पितळी नळ्या हाताळून हाताळून गुळगुळीत झाल्यात. कोळशाची भुकटी डोळ्यात जाते, बनियनवर काळे ठिपके पडतात. ते १९२३ साल तेवढे लक्षात ठेवा.

“कुठी चालले भाऊ?” समोरच्या बाकावरचा माणूस विचारतो.

“मुंबईले.”

“काही काम?”

काम सांगता येत नाही. उद्या मुंबईच्या विमानतळावर एका शास्त्रज्ञाला हेर म्हणून पकडणार आहेत आणि तुम्हाला ते पाहायचे आहे, हे त्याला कसे सांगणार? दारव्हा जाते, कारंजा जाते. मूर्तिजापूरला तुम्ही छोट्या रुळावरून मोठ्या रुळावर येता. पहाटे दादर, मग अंधेरी, तिथून सहारचा विमानतळ.

३० मे. काचेपलीकडे अमेरिकेला निघालेला एक प्रवासी अडवला जातो. कॅप्टन डॉ. बी. के. सुब्बाराव. नौदलातून निवृत्त झालेला हा अधिकारी अणुपाणबुडीच्या प्रकल्पावर काम केलेला आहे. तो प्रकल्प इतका गुप्त, की लोकांना त्याचे नावही ठाऊक नाही. याच वर्षी सोव्हिएत संघाकडून भाड्याने घेतलेली ‘चक्र’ पाणबुडी विशाखापट्टणमला आली आहे. स्वतःची पाणबुडी अजून कागदावर आहे. त्या कागदावरूनच भांडण होते. भाभा अणुसंशोधन केंद्राने आखलेल्या अणुभट्टीवर सुब्बारावांनी तांत्रिक आक्षेप घेतले होते. आपल्याला पुढे जे भोगावे लागले त्याचे मूळ या आक्षेपांत आहे, असे ते नंतर उघडपणे सांगत आले.

आता सामानातले कागद बघा. त्यांत त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध आहे, पवईच्या आयआयटीत केलेला. तुमच्या घरात कुणी अमरावती विद्यापीठात पीएच.डी. केली असेल, तर प्रबंध म्हणजे काय हे सांगायला नको. परीक्षक तो वाचतात, तोंडी परीक्षा घेतात, पदवी देतात. असा प्रबंध सरकारी गुपिताचा पुरावा ठरतो आणि त्यावर शासकीय गुपिते अधिनियम व अणुऊर्जा कायदा लावला जातो. पकडणाऱ्याला अणुभट्टीची समीकरणे वाचता येत नाहीत. ज्यांना येतात, त्यांतल्याच काहींशी या माणसाचा वाद झालेला. मग हे कागद गुप्त आहेत की नाहीत, हे ठरवणार कोण? मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत भीतीदायक वाटतो तो हा प्रश्न.

तुम्ही काचेवर हात ठेवता. ओरडून सांगावेसे वाटते, पण तुमचा आवाज त्या वर्षापर्यंत पोचत नाही.

वीस महिने. कॅलेंडर सोडा, शेतावरून मोजा. मृग आला, पऱ्हाटी पेरली, डवरली, वेचली. पुन्हा मृग आला, पुन्हा पेरली, पुन्हा वेचली. दिल्लीत राजीव गांधी जाऊन व्ही. पी. सिंग आले. तितके दिवस हा माणूस गजाआड होता.

त्याच्यावर लावलेला शासकीय गुपिते अधिनियम इंग्रजांचा. हेरगिरीच्या कलमात अमुक एक कृत्य केले हे सिद्ध करण्याचीसुद्धा सक्ती नाही. परिस्थिती, वागणूक आणि माणसाची ख्याती यांवरून हेतू देशविघातक होता असे दिसले तरी शिक्षा होऊ शकते. संरक्षणाशी संबंधित गुन्ह्याला चौदा वर्षांपर्यंत कैद. खटल्याच्या वेळी लोकांना न्यायालयाबाहेर काढण्याचीही सोय आहे. देशाची गुपिते जपायलाच हवीत, खरे हेरही असतात, त्याबद्दल माझे दुमत नाही. पण इतके धारदार हत्यार हाती असताना आधी माणूस धरायचा आणि मग त्याचे कागद समजून घ्यायचे, हे मला कधीच पटलेले नाही.

सुब्बाराव खचले नाहीत. न्यायालयाने त्यांना सोडले, उच्च न्यायालयानेही तो निर्णय उचलून धरला. पुढे ते स्वतः कायदा शिकले आणि काळा कोट घालून वकील म्हणून उभे राहिले.

परतीच्या वाटेवर दोन-तीन वर्षे खिडकीतून सरकताना दिसतील. १९९४ साली केरळात इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन हेर म्हणून पकडले जातात. सर्वोच्च न्यायालय त्यांना ५० लाखांची भरपाई द्यायला लावते, तोवर २०१८ उजाडलेले असते. अमेरिकेत लॉस अलामोसच्या अण्वस्त्र प्रयोगशाळेतले वेन हो ली २७८ दिवस एकांतकोठडीत काढतात. ५९ आरोपांपैकी एकच उरतो आणि न्यायाधीश भर न्यायालयात त्यांची माफी मागतात.

आणि मग अगदी घराजवळ, नागपूर. ऑक्टोबर २०१८ मध्ये ब्रह्मोस क्षेपणास्त्रावर काम करणाऱ्या एका तरुण अभियंत्याला हेरगिरीच्या आरोपावरून अटक होते. जून २०२४ मध्ये जन्मठेप. डिसेंबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ त्याला हेरगिरीच्या आरोपांतून मुक्त करते. गोपनीय कागद नीट न सांभाळल्याची तीन वर्षांची शिक्षा तेवढी कायम राहते, आणि तेवढी तुरुंगात भोगून झालेली असते. यवतमाळच्या माणसाचे जमिनीचे अपील जिथे जाते, तेच हे खंडपीठ. अटकेची बातमी तुम्ही तेव्हा पेपरात वाचली असेल, चहाच्या टपरीवर निकालही देऊन टाकला असेल. खंडपीठाचा निकाल मात्र मिळवून वाचा.

तुम्ही पुन्हा यवतमाळच्या स्टेशनात उतरता. फलाट रिकामा, रुळांत गवत माजलेले. १८६० ची भारतीय दंड संहिता १ जुलै २०२४ ला गेली, पण शासकीय गुपिते अधिनियमाला कुणी हात लावला नाही. तोही १९२३ चाच. १९२३ पासून धावणारे शकुंतलेचे ते इंजिन १५ एप्रिल १९९४ ला सेवेतून काढले. कायदा अजून चालू आहे.